कासवासाठी मातीची कमान

नणंदेचे बिऱ्हाड पुण्याला हलले आणि तिच्या मुलांचे कासव हिंगोलीला, आम्हा दोघी जावांच्या हाती आले. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हे कासव मूळचे अमेरिकेतले. आपल्याकडचे पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पेटीत प्लास्टिकचे एक रंगीत बेट होते. त्याचा रंग पाण्यात सुटायचा. पाण्यात राहणाऱ्या कासवालाही अंग सुकवायला कोरडी जागा लागते, आणि लपायला आडोसा. दोन्ही मातीचेच करून घ्यायचे ठरवून आम्ही कुंभारकाकांकडे गेलो.

आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे फार. आव्यात भाजून त्यांचा चुना होतो, पुढे ओल लागली की तो फुगतो आणि वरचा पापुद्रा उडतो. माठाला असा खड्डा पडला तर फार बिघडत नाही, पण कासवाच्या पोटाला त्याची धार लागते. म्हणून माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून दोनदा गाळली. रेती घातली तीही बारीकच. चढावर नखे टिकावीत, पण पोट खरचटू नये.

खरा वाद झाला तो कमानीच्या तोंडावरून. मुलांना अरुंद गुहा हवी होती. पण कासव फुप्फुसांनी श्वास घेते, पाण्याखाली अडकले तर चक्क बुडून मरते. तेव्हा भोक एकतर पाठ कुठेही न घासता आरपार जाता येईल एवढे मोठे, नाहीतर डोकेही शिरणार नाही इतके लहान. मधले माप नकोच. आम्ही दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, म्हणून कच्चे माप सैल धरले.

चकचकीत झिलई, ऑइलपेंट, वार्निश यांतले काहीच लावले नाही. काही झिलयांमध्ये शिसे असते, आणि कोणत्या झिलईत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. भाजून आलेली वस्तू माठासारखी टिचकी मारून पाहायची, मग दिवसभर बादलीत बुडवून ठेवायची. गाळ सुटला तर ती कच्ची.

मातीला छिद्रे असतात, ती साबण आणि फिनाईल शोषून पुन्हा पाण्यात सोडते. म्हणून नुसती घासून, पाण्यात उकळून उन्हात वाळवतो. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. त्याच्या वस्तू स्वयंपाकघरात धूत नाही, वजूच्या जागी तर नाहीच. हात लावला की साबणाने हात धुवायचे. घरातल्या अगदी लहानग्यांनी मात्र लांबूनच पाहायचे.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस मुलांना ठाऊक आहे. कोंडलेल्या जिवाला दाणापाण्यासोबत पाय टेकायला जागाही लागते, एवढे आम्ही त्यात जोडतो.

या जातीची मादी फूटभरापर्यंत वाढते. मोठी झाली म्हणून कयाधूत सोडायची नाही, नदीतल्या आपल्या कासवांचे खाणे आणि जागा ती बळकावते. पेटी मोठी करायची, कमानही. दर सहा महिन्यांनी पाठीची रुंदी दोऱ्याने मोजून आम्ही काकांकडे जातो. दोरा पाहिला की ते विचारतात, “भाभी, आता किती बोटं वाढवू?”