धुऱ्यावरची घोणस

मुखेडकडं सोयाबीन काढणीला येतं तोवर धुऱ्यावरचं गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असतं. काकू विळा घेऊन तिथं बसणार, तेवढ्यात गवतातून फुस्सऽऽ असा आवाज आला. शिट्टीच्या बेतात आलेल्या कुकरसारखा, पण थांबायचं नावच नाही.

"अजगराचं पिल्लू हाय," म्हणत आमचे गडीमामा काठी घेऊन पुढं सरसावले.

"मामा, मागं व्हा. घोणस आहे ती."

लांबूनच निरखलं. बुटकं, जाडजूड अंग, वाळल्या गवताच्या रंगाचं. त्यावर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा. पाठीवरची रांग तर थेट साखळीच. अजगराचे डाग वेडेवाकडे असतात, घोणशीचे असे ओळीत. डोकं त्रिकोणी, नाकपुड्या मोठ्या. दर फुत्काराला अख्खं अंग फुगत होतं, बसत होतं.

धामण माणसाची चाहूल लागताच पळते. घोणस बहुधा जागच्या जागी वेटोळं घालून दबा धरते. उंदरांसाठी हे ठीक, पण गवतात हात घालणाऱ्या बाईला ती दिसतच नाही. शेतात धान्य, धान्यामागं उंदीर, उंदरांमागं ती. अंडी न घालता ती थेट पिल्लंच देते, एका वेळी वीस-चाळीससुद्धा, आणि प्रत्येक पिल्लू जन्मापासूनच विषारी.

तिच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर ते पातळच राहिलं, तर विष भिनलं म्हणायचं. आमच्या मुखेडच्या डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव 2005 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. तरीही लोक आधी करकचून दोरी बांधतात, चिरा देतात, मांत्रिकाकडं नेतात. याचा मला फार राग येतो, कारण त्यात वेळ जातो आणि वेळेबरोबर माणूस.

काकूंना मी हेच सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग तिला जाऊ दे की आधी."

आम्ही मागं सरून बांधावर बसलो. बऱ्याच वेळानं फुत्कार थांबला, ती सरळ झाली आणि सावकाश शेजारच्या उंदरांच्या बिळांकडं निघून गेली. त्या दिवशी आम्ही पलीकडच्या धुऱ्याचं गवत कापलं, आधी लांब काठीनं झोडपून.