पाय तिथंच राह्यला

वर्ध्यातला कबड्डीपटू गुडघा धरून फिजिओथेरपिस्टकडे येतो, तेव्हा पहिलं बोट दाखवतो ते घोटा पकडणाऱ्याकडे. फिजिओथेरपिस्ट मात्र विचारतो, 'पाऊल कुठं होतं?' मग खरी हकिकत निघते. 'पाय तिथंच राह्यला अन् मी फिरलो.' या वाक्यात अर्धं निदान झालेलं असतं.

गुडघ्याच्या मधोमध जेमतेम 3 सेंटिमीटरचा एसीएल हा अस्थिबंध असतो. नडगी पुढे सरकू नये, पिळवटू नये, ही त्याची राखण. चढाईवरून मध्यरेषेकडे परतताना रेडर झपकन दिशा बदलतो. पाऊल रोवलेलं, गुडघा जवळजवळ सरळ. तो आत कलंडला आणि नडगी पिळली, की एसीएल तुटतो. अनेकदा गुडघ्याला कुणी हातही लावलेला नसतो. मॅटवर बुटाची पकड घट्ट असली की पाऊल वळत नाही. मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो. बाहेरून धडक बसली, तर आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणतो.

गुडघ्याची दुखापत कबड्डीपुरतीच नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली कुस्तीपटू विनेश फोगाटचा गुडघा प्रतिस्पर्ध्याच्या पकडीत गेला आणि दुखावला. बीडचा अविनाश साबळे जुलै 2025 मध्ये मोनॅकोला स्टीपलचेस धावताना पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. त्याचा एसीएल आणि गुडघ्यातली गादी दोन्ही दुखावली.

तपासणीत खरी कसोटी हातांची. गुडघा 20 ते 30 अंशांत वाकवायचा, एका हातानं मांडी स्थिर धरायची, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढायची. एसीएल शाबूत असेल, तर ओढलेला दोर ताठ व्हावा तशी ती ठक्कन अडते. तुटला असेल, तर मऊपणे पुढे येत राहते. पोरगं घाबरून मांडी आवळून बसलं, तर हाताला काहीच कळत नाही. म्हणून आधी गप्पा, मग तपासणी.

'कट्ट' आवाज आणि काही तासांत टम्म सूज, ही ठळक खूण. तरी गावाकडे आधी मालिश होते. काही आठवड्यांत सूज उतरते, पोरगं पुन्हा मैदानात जातं, गुडघा सटकतो आणि आतली गादीही फाटते. मग सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयाची वाट धरावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकाचा प्रश्न एकच: पुढच्या स्पर्धेला उतरू ना? किमान 9 महिने थांबायला सांगितलं की चेहरा पडतो. त्यानंतरही एका पायावर उडी मारून दाखवावी लागते. दुखऱ्या पायाची उडी धडधाकट पायाच्या निदान 90 टक्के भरली आणि उतरताना गुडघा आत कलला नाही, तरच खेळायची परवानगी मिळते.