पोट रिकामं, गोळी मात्र वेळेवर

भूक म्हटलं की दुष्काळातली हडकुळी माणसं डोळ्यांपुढे येतात. पण संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते, आणि त्यांतले बरेच जण पाहून भुकेले वाटणारही नाहीत.

घरकाम करणाऱ्या एक मावशी महिनाअखेरीला घामाघूम, थरथरत दवाखान्यात आल्या. साखर ५२! "डॉक्टर, गोळी एक दिवस चुकवली नाही हो." जेवणाचं विचारल्यावर मान खाली गेली. पगाराला चार दिवस होते. रात्री मुलांना वाढून त्या चहावरच झोपल्या होत्या.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातही हेच आढळलं. २०१४ च्या एका अभ्यासात, साखर उतरल्यामुळे रुग्णालयात दाखल होणारे गरीब रुग्ण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होते.

कारण साधं आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे तिला कळत नाही. टोचून घेतलेल्या इन्सुलिनचंही तसंच.

घाम, थरथर, चक्कर जाणवली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, मग भाकरी-पोळी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणि घरात शिधा कमी पडत असेल, तर गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. औषध किंवा डोस बदलता येतो. पथ्य सांगताना आम्हाला तुमचा डबाच नव्हे, रिकामा डबाही ठाऊक हवा.