कडक यकृत, बारीक छिद्रं

दोह्यात यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण समोर आला की सर्जनला आधी त्याचं मूळ गाव विचारावं लागतं. कतारमध्ये दहातले जवळपास नऊ जण बाहेरून पोटासाठी आलेले, आणि ज्याचा जसा मुलूख तसा त्याच्या यकृताचा आजार.

इजिप्तचंच बघा. तिथे १९५० ते १९८०च्या दशकांत बिल्हार्झिया या कृमींच्या आजारावर सरकारी मोहिमेत इंजेक्शनं दिली गेली. काचेच्या सिरिंजा धड न उकळता एकामागून एकाला टोचल्या आणि हिपॅटायटिस सी नाईलकाठच्या खेड्याखेड्यांत पसरला. त्या रांगेत उभी राहिलेली पोरं आज साठी-सत्तरीत आहेत. फिलिपिनो रुग्णांत बहुधा हिपॅटायटिस बी निघतो, बाळंतपणातच आईकडून मिळालेला. आपल्या मराठी माणसांत बी, सी, दारू यांपैकी काहीही. शिवाय आताशा मधुमेहाच्या जोडीने फॅटी लिव्हर. त्यात खुद्द कतारीही मागे नाहीत.

बहुतेक वाटा सिरॉसिसलाच, म्हणजे यकृत कडक होण्यालाच, जाऊन मिळतात. यकृताच्या प्राथमिक कर्करोगात दहापैकी आठ-नऊ रुग्णांचं गाठीबाहेरचं यकृतही कडक झालेलं असतं. म्हणून गाठ केवढी यापेक्षा कापल्यावर मागे किती उरेल, हा हिशेब मोठा. निरोगी यकृताचा पाव हिस्सा उरला तरी निभावतं; सिरॉसिसमध्ये निदान ४० टक्के हवं.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं कौतुक लोक बारीक टाक्यांसाठी करतात. माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. सिरॉसिसमध्ये यकृताकडे जाणारं रक्त अडतं आणि पोटाच्या भिंतीतल्या शिरांमधून आडवाट काढतं. बरगड्यांखाली मोठा छेद घेतला की या आडवाटा कापल्या जातात. मग पोटात पाणी साचतं आणि आधीच थकलेलं यकृत आणखी ढासळतं. चार-सहा छिद्रांतून काम केलं तर त्या बव्हंशी शाबूत राहतात.

पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्या दाबाने बारीक शिरांचं झिरपणंही कमी होतं. यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जुडग्याभोवती फीत टाकतात. ती आवळली की पुरवठा थांबतो : साधारण पंधरा मिनिटं आवळायची, पाच मिनिटं सैल सोडायची. मूळ युक्ती ग्लासगोच्या प्रिंगल यांची, १९०८ची. भूलतज्ज्ञ सलाइन हात राखून देतो, म्हणजे यकृताच्या शिरा फुगत नाहीत. (निम्मं यश त्याचंच असतं, आम्ही सर्जन हे सहसा बोलून दाखवत नाही.)

हात आत नसल्याने गाठ चाचपता येत नाही. म्हणून सोनोग्राफीचं टोक यकृतावरून फिरवून ती शोधतात. फ्रान्सच्या क्विनो यांनी १९५०च्या दशकात यकृताचे आठ भाग मांडले. त्यातल्या गाठीच्या भागाची रक्तवाहिनी बंद करून शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हा रंग सोडला की बाकीचं यकृत पडद्यावर हिरवं चमकतं आणि तेवढा तुकडा काळा राहतो. त्या कडेने कापत जायचं. शेवटी तो तुकडा पिशवीत घालून ओटीपोटाच्या छेदातून, सिझेरियनचा असतो तिथून, अखंड बाहेर काढायचा. आत तुकडे केले तर पॅथॉलॉजिस्टला कडा तपासता येत नाही.

कावीळ किंवा पोटात पाणी असेल तर मात्र कापणं धोक्याचं. अशा वेळी गाठ एकच आणि ५ सेंटिमीटरच्या आत, किंवा जास्तीत जास्त तीन आणि प्रत्येकी ३ सेंटिमीटरच्या आत असेल, तर मिलानच्या १९९६च्या निकषांनुसार प्रत्यारोपणाचा विचार होतो. कतारमधलं पहिलं यकृत प्रत्यारोपण दोह्याच्या हमद जनरल हॉस्पिटलमध्ये २०११ साली झालं.

गाठ काढली तरी सिरॉसिस तिथेच असतो. पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत कर्करोग पुन्हा दिसतो. दुर्बिणीनंतर आतले अवयव एकमेकांना कमी चिकटतात, त्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया सोपी जाते. पण ती कदाचित कैरो, मनिला किंवा पुण्यात होणार असते, कारण नोकरी संपली की व्हिसाही संपतो. म्हणून घरी सोडताना कागदावर कोणता भाग काढला, कडा किती सुटली आणि हिपॅटायटिस बीची कोणती गोळी चालू ठेवायची, हे स्पष्ट लिहून द्यावं लागतं. सहा महिन्यांच्या सोनोग्राफीची तारीखही त्यातच.