थांबलेला झोपाळा

वस्तूला चालना देणाऱ्याचें जगांत कौतुक फार होतें. दिलेली चालना काढून घेणाऱ्याचें क्वचितच. तथापि संगणकावर चित्रें हालविणाऱ्यांस या दोन्ही विद्या याव्या लागतात. आमची कन्या हा व्यवसाय करीत असल्यामुळें दुसरी विद्या आम्हांस जवळून पाहावयास मिळाली, आणि ती पहिलीपेक्षां रतिभरहि सोपी नाहीं असें आमचें मत झालें.

ही विद्या जुन्या काळीं असूंच शकत नव्हती. दादासाहेब फाळके यांनीं १९१५ सालच्या 'आगकाड्यांची मौज' या चित्रपटांत काड्यांना नाचविलें, तें प्रत्येक वेळीं काडी किंचित् सरकवून व पुन्हां छायाचित्र घेऊन. तेथें काडी आणि तिची गति एकाच फितीवर एकजीव झालेली. गति तेवढी काढून काडी शिल्लक ठेवणें अशक्य. हातानें काढलेल्या व्यंगपटांत मुख्य चित्रकार हालचालीच्या महत्त्वाच्या अवस्था रेखाटी व मधलीं चित्रें साहाय्यक भरीत. त्या मुख्य चित्रांस 'कीफ्रेम' म्हणतात. मधलें भरण्याचें काम कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळांत नेस्टर बर्टनिक व मार्सेली वाइन यांनीं संगणकाकडे सोंपविलें; त्या पद्धतीनें पीटर फोल्डेस यांनीं केलेला 'हंगर' हा लघुपट १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. आजच्या संगणकांत तर वस्तु निराळी आणि तिच्या गतीची नोंदवही निराळी असते. म्हणूनच ती वही पुसतां येते.

वस्तूचें स्थान, तिचें वळण, तिचें आकारमान, यांपैकीं कोणताहि गुण अमुक क्षणीं अमुक असावा अशी नोंद करतां येते. दोन नोंदींमधला प्रवास यंत्र स्वतःच ठरवितें. ब्लेंडर नांवाच्या, कोणासहि विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालींत अशा गुणाचा रकाना हिरवा दिसतो, आणि प्रत्यक्ष नोंदीच्या क्षणीं पिवळा. पडद्यावर सेकंदाला साधारणतः २४ चौकटी सरकतात. आतां गंमत अशी कीं, नोंदी असलेली वस्तु हातानें दुसरीकडे नेऊन ठेवली व नवी नोंद केली नाहीं, तर काळ एक चौकट पुढें सरकतांच ती निमूटपणें जुन्या मार्गावर परत जाते. जूनमध्यें नव्या पद्धतीनें शिकविण्याचा निश्चय करून दुसऱ्याच आठवड्यांत जुन्या टांचणांकडे वळणाऱ्या प्राध्यापकवर्गास यांत नवल वाटावयाचें नाहीं.

गेल्या वर्षीं आमचा गांवचा वाडा विकला गेला व पाडलाहि. कन्येनें मापें व जुनीं छायाचित्रें घेऊन तो संगणकावर उभा केला: ओसरीवर हालणारा झोपाळा, देवघरांत लवलवणारी समई, विहिरीवर फिरणारा रहाट. भावंडें पाहावयास जमलीं, आणि प्रत्येकाची आठवण निराळी निघाली. झोपाळा दाराच्या अलीकडे होता कीं पलीकडे, यावरच घटकाभर वाद झाला. कन्या बिचारी सांगतील तेथें वस्तु सरकवी, आणि चौकट बदलतांच ती पूर्वस्थळीं जाई. अखेर सगळी गति काढून टाकून मांडणी नव्यानें करावी असें ठरलें. वस्तु शेंकडों, एकेकीच्या नोंदी हातानें पुसण्यांत दिवस गेला असता. म्हणून तिनें मूळ कामाची एक प्रत राखून ठेवली व पायथॉन भाषेंत दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली: दृश्यांतील प्रत्येक वस्तु घे, तिची चलनविषयक सर्व सामग्री पूस. डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत काम झालें.

मग पाहतों तों झोपाळा तिरपा होऊन अधांतरीं थांबलेला. समई पूर्ववत् लवलवतच होती. आणि रहाट फिरवून पाहिला, तर पोहरा जागचा हालेना. "बाबा," कन्या म्हणाली, "गति पुसली म्हणजे वस्तु मूळ जागीं जात नाहीं. पुसण्याच्या क्षणीं ती जेथें असेल तेथेंच राहते." समईचें तेज वस्तूच्या वहींत नसून तिच्या आंतल्या दिव्याच्या स्वतंत्र वहींत होतें, स्क्रिप्टनें ती उघडलीच नव्हती. उलट रहाट फिरला कीं पोहरा वर यावा, हें गतीचें टिपण नव्हतेंच. तें त्या दोघांमधलें नातें. परंतु ठेवलेलें त्याच सामग्रींत. सर्वच पूस म्हटल्यावर तेंहि गेलें.

राखलेली प्रत उघडून तिनें काम फिरून केलें. प्रथम झोपाळा ओळंब्यांत येतो त्या चौकटीवर काळ नेला. मग सर्व सामग्री न पुसतां गतीच्या वह्या तेवढ्या सोडविल्या, त्यामुळें नातीं शाबूत राहिलीं. समईची वही निराळी काढली. दोन ओळींच्या थोड्या अधिक ओळी झाल्या, इतकेंच. सर्वांचें समाधान झालें. मातोश्रींचें मात्र नाहीं. त्यांनीं पहिलेंच चित्र मागितलें. "सरळ झोपाळा रिकाम्या घरांत असतो ग," त्या नातीला म्हणाल्या; "तिरपा असला म्हणजे कोणीतरी आत्तांच उठून आंत गेलेलें असतें." त्यांच्या खोलींत तेंच चित्र लागलें आहे.

मातोश्रींना तो तिरपेपणा हवा होता, म्हणून तो शोभला. एरवीं पुसणाऱ्यानें क्षण निवडला पाहिजे, वही ओळखली पाहिजे, आणि तिच्याबरोबर कोणतें नातें जाणार हें आधीं पाहिलें पाहिजे. जुने हिशेब मिटवून नव्यानें मांडणी करावी, असें वाटण्या करणाऱ्या प्रत्येक कुटुंबास वाटतें, आणि तें योग्यहि आहे. पण भांडणाच्या भरांत ते मिटविले, तर माणसें त्याच तिरप्या स्थितींत वर्षानुवर्षें थांबलेलीं आढळतात. आंतला जाळ मात्र, निराळ्या वहींतला म्हणून, लवलवतच राहतो. अशा वेळीं थोडें थांबावें. झोपाळा कितीहि जोरांत असो, प्रत्येक झोक्यांत तो एकदां तरी ओळंब्यांतून जातोच.