पाऊण वेळ उभं राहणारं चाक

एक चाक अखंड फिरतंय. त्याच्या कडेला एक खुंटी. शेजारी दुसरं चाक, चार खाचांचं, फुलीच्या आकाराचं. खुंटी फिरत येते, खाचेत शिरते, फुलीला पाव फेरी ढकलते आणि बाहेर पडते. उरलेली पाऊण फेरी खुंटी नुसती हिंडते आणि फुली जागच्या जागी उभी. याला जिनिव्हा ड्राइव्ह म्हणतात. आकार माल्टाच्या क्रुसासारखा, म्हणून सिनेमावाल्यांच्या तोंडी माल्टीज क्रॉस, किंवा नुसताच क्रॉस.

पाठ्यपुस्तकात याचं वर्णन ‘सलग फिरण्याचं टप्प्याटप्प्याच्या गतीत रूपांतर’ असं असतं. चूक नाही, पण त्यात सगळं कौतुक गतीच्या वाट्याला जातं. ढकलायला काय, एक खुंटी पुरते. फुलीला नेमक्या जागी उभं करायचं आणि पुढची खुंटी येईपर्यंत केसभरही हलू द्यायचं नाही, हे खरं काम. ते खुंटी करत नाही. खुंटीच्या चाकावर एक जाड चकती बसवलेली असते. फुलीच्या दोन खाचांमधली कड आत वळलेली असते, त्या वळणात चकतीची गोल कड घासून बसते. चकती फिरत राहते, फुलीला मात्र हलायला जागाच नसते. खुंटी आत शिरायच्या वेळी फुलीचे हात वळायला हवेत, तेवढ्यासाठी चकतीला खुंटीच्या बाजूने चंद्रकोरीसारखा भाग कापलेला. या चकतीचं नाव सहसा कुणाला आठवत नाही.

\*

जिनिव्हा हे नाव घड्याळजींमुळे पडलं. तिथे ही यंत्रणा चालवण्यासाठी नव्हे, अडवण्यासाठी वापरत. खिशातल्या घड्याळाला चावी किती फेऱ्या द्यायची याला मर्यादा हवी, नाहीतर स्प्रिंग जास्त ताणली जाते. मग फुलीतली एक जागा मुद्दाम न कापता फुगीर ठेवायची. चावीच्या प्रत्येक फेरीला फुली एक घर पुढे सरकते आणि फुगीर घर आलं की चकती अडते. चावी पुढे जातच नाही. मोजणी आणि कुलूप दोन्ही एकाच पत्र्याच्या तुकड्यात. हे मला सिनेमातल्या वापरापेक्षाही चतुर वाटतं.

\*

७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला, तो क्रॉसवर नव्हे. ल्युमिएंच्या यंत्रात पंजा होता. दोन पिना फिल्मच्या भोकांत शिरायच्या, फिल्म एक फ्रेम खाली ओढायच्या, मागे सरकायच्या आणि रिकाम्याच वर जायच्या. ही कल्पना शिवणयंत्रावरून सुचली असं सांगतात, आणि ते पटतं. शिवणयंत्रातही कापड सरकतं तेव्हा सुई वर असते, सुई खाली असते तेव्हा कापड थांबलेलं असतं.

पंजा कॅमेऱ्यात टिकला, कारण कॅमेऱ्यातून फिल्म एकदाच जाते. प्रोजेक्टरमधून तीच फिल्म शेकडो वेळा जायची. दोन भोकांवर सगळा ओढा आला की भोकं फाटतात. बर्लिनच्या ओस्कार मेस्टरने आणि लंडनच्या रॉबर्ट पॉलने १८९६ मध्येच खाचांचं चाक प्रोजेक्टरला लावलं. क्रॉसच्या दांड्यावर दात्यांचं चाक, म्हणजे स्प्रॉकेट, बसवलं की ओढा बऱ्याच भोकांत वाटला जातो. पुढे हीच रीत रूढ झाली.

\*

थोडा हिशेब.

३५ मिमी फिल्मवर एका फ्रेमला चार भोकं. स्प्रॉकेटला सोळा दाते. क्रॉसची पाव फेरी म्हणजे चार दाते, म्हणजे बरोबर एक फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणून खुंटीचं चाक सेकंदाला २४ फेऱ्या, मिनिटाला १४४०. एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे ४२ मिलिसेकंद येतात. त्यातले साडेदहा सरकण्यात जातात, बाकीचे एकतीस उभं राहण्यात.

या साडेदहा मिलिसेकंदांत फिल्मला १९ मिलिमीटर जायचं आणि पुन्हा ठप्प व्हायचं. प्रोजेक्टरमध्ये फिल्मचा सरासरी वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहूनही कमी, पण क्रॉस ओढतो तेव्हा मधल्या क्षणी तो साडेचार मीटरच्या घरात जातो. आणि त्वरण? चार खाचांच्या क्रॉसचं ठरलेलं गणित आहे. त्यात हे आकडे घातले तर उत्तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडशे पट येतं. मी दोनदा मांडून पाहिलं. तीन तासांच्या सिनेमात असे अडीच लाखांवर हिसके. दिवसाचे चार खेळ धरले तर दहा लाखांवर. एवढं सोसून रीळ रात्री डब्यात जात होतं.

उभं राहण्यातल्या चुकीचाही हिशेब करून ठेवतो. फ्रेम साधारण २१ मिलिमीटर रुंद, पडदा ३० फुटी. म्हणजे चारशे पटींहून मोठं चित्र. क्रॉस एका फ्रेमला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा चुकीच्या जागी थांबला, तर पडद्यावर नायकाचं नाक चार मिलिमीटर सरकतं. असं सेकंदाला चोवीस वेळा झालं की चित्र थरथरतं, आणि प्रेक्षकांना कारण न कळताच डोकं दुखायला लागतं.

\*

तालुक्याच्या गावातल्या एका बंद पडलेल्या थिएटरचे ऑपरेटर भेटले होते. त्यांना विचारलं, “काका, क्रॉस खराब झाला हे कळतं कसं?”

“एकदम जात नाही हो तो. आधी बोलतो. तेल कमी झालं की आवाज कोरडा येतो. पडद्याकडे नंतर बघायचं, आधी कान लावायचा.”

क्रॉस बंद डबीत, तेलात बुडालेला असतो. ती डबी ते सहसा उघडत नसत. बाकी सगळं रोजचं हाताखालचं. फिल्म गेटमध्ये बसवताना एखाद्या भोकाने चूक झाली की पडद्यावर डोकी खाली आणि पाय वर, मधे काळी पट्टी, आणि खालून शिट्ट्या. त्यासाठी एक नॉब होता, तो फिरवून फ्रेम जागेवर आणायची.

त्यांनी सांगितलेला आणखी एक दोष मला आवडला. फिल्म सरकत असताना शटरचं पातं दिव्यासमोर यायला हवं. पातं जरा उशिरा आलं तर सरकत्या फिल्मचाही प्रकाश पडद्यावर पडतो. नेहमीच्या दृश्यात ते लक्षात येत नाही, पण काळ्यावर पांढरी श्रेयनामावली आली की प्रत्येक अक्षराला उभी शेपटी फुटते. “म्हणून नावं यायला लागली की मी पडद्याकडे बघायचो,” काका म्हणाले, “लोक तेव्हा खुर्च्या शोधत असायचे.”

\*

चित्राला थांबे हवेत, आवाजाला ते चालत नाहीत. ध्वनिपट्टी दिव्यापुढून अगदी एकसारख्या वेगाने गेली तरच सूर सुरात येतो. तीच फिल्म, तोच पट्टा, आणि वरच्या मजल्यावर हिसके तर खालच्या मजल्यावर संथ वाहणं. तोड साधी आहे. दोन्हींच्या मधे फिल्मची सैल कमान सोडायची, ती लूप. हिसके कमान पोटात घेते. ध्वनीच्या ड्रमला जड फ्लायव्हील. अर्थात चित्र आणि त्याचा आवाज फिल्मवर शेजारी असूच शकत नाहीत. ३५ मिमीत आवाज आपल्या चित्राच्या वीसेक फ्रेम पुढे छापलेला असतो. लूप लहानमोठा पडला की ओठ आणि संवाद मागेपुढे.

माझ्या मते या यंत्रातली सगळ्यात सुंदर तोड हीच, आणि ती म्हणजे रिकामी सोडलेली वीतभर फिल्म.

\*

दादासाहेब फाळके. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना दाखवलं. दिवसाला एक फ्रेम, महिनाभराहून जास्त. कॅमेऱ्यातली यंत्रणा सेकंदाच्या सोळाव्या भागात जे करते, तेच इथे ते दिवसाला एकदा करत होते. एक घर सरकायचं, थांबायचं, उघडायचं, मिटायचं. पडद्यावर मात्र अंकुर बघता बघता वर आला. पैसे देणाऱ्याला काय विकलं असेल तर ते हेच, थांब्यांची लांबी बदलण्याची ताकद.

मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला दोन फेऱ्या, फेरीला आठ फ्रेम. दांडा फिरवणाऱ्याचा हात सलग आणि सारखा चालायला हवा, तुकडे पाडायला यंत्र समर्थ.

आणि कोल्हापूर. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी कॅमेरा विकत न घेता स्वतः घडवायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा सिनेमा आला. चित्रकार आणि शिल्पकार म्हणून बाबूरावांचं नाव घेतात, ते योग्यच. पण कॅमेरा घडवायचा म्हणजे सगळ्यात आधी फिल्म अचूक थांबवायची आणि प्रत्येक वेळी तिथेच थांबवायची. हे कानशीने, लेथवर, आजमावत ज्याने साधलं, त्याच्यातल्या मिस्त्रीवर कुणी नीट लिहायला हवं.

\*

रिक्षाचं जुनं मीटर, इलेक्ट्रॉनिक येण्याआधीचं. आकडा सरकताना टक् व्हायचा आणि सगळ्यांची नजर तिकडे जायची. आत आकड्यांचे ड्रम, दोन ड्रमांच्या मधे एक चिमुकलं दातेरी चाक. त्याचे दाते एकाआड एक रुंद आणि अरुंद. रुंद दाते शेजारच्या ड्रमच्या गुळगुळीत कडेवर टेकून राहतात, त्यामुळे दहाचा ड्रम हलू शकत नाही. एककाचा ड्रम नवावरून शून्यावर जाताना त्या कडेतली खाच समोर येते, चाक वळतं आणि दहाचा आकडा एक घर पुढे. क्रॉसचाच भाऊबंद.

चाकाकडून येणारी केबल आणि आतलं घड्याळ, दोघंही आकडा ढकलायला टपलेले. जे वेगात असेल त्याचं चालतं. सिग्नलला रिक्षा उभी असली तरी मीटर पडायचं, ते घड्याळामुळे. “मीटर फास्ट आहे तुमचं” या भांडणात मात्र या यंत्राची बाजू कुणी ऐकून घेतली नाही.

\*

इचलकरंजीतला साधा पॉवरलूम. धोटा एकदा गेला की कापड एका धाग्यापुरतंच पुढे गुंडाळायचं. मेनशाफ्ट अखंड फिरतोय, कुत्रा, म्हणजे दात्यात अडकणारी खिट्टी, दातेरी चाकाचा एक दाता ओढतो, दुसरा कुत्रा चाक मागे येऊ देत नाही. इंचाला किती धागे बसवायचे हे चेंज व्हील बदलून ठरतं. गंमत बाण्याचा धागा तुटतो तेव्हा आहे. माग थांबेपर्यंत चाक एक-दोन दाते रिकामंच पुढे गेलेलं असतं. तसाच माग पुन्हा चालू केला तर कापडात आडवी विरळ फट दिसते. म्हणून अडवणाऱ्या कुत्र्याला थोडी ढील ठेवतात, धागा तुटला की चाक तेवढे दाते मागे घसरतं. अडवायचं, पण वेळ आली तर किती मागे सोडायचं तेही ठरवून ठेवायचं. क्रॉसला हे जमत नाही.

\*

क्रॉसचं उणं. खुंटी खाचेत शिरते त्या क्षणी फुलीचा वेग शून्य असतो, त्यामुळे टक्कर होत नाही. पण त्वरण शून्य नसतं, ते एकदम लागू होतं. फिल्म हलकी, तिचं निभतं. सिरपच्या भरलेल्या बाटल्यांचं जड टेबल असं फिरवलं तर बाटल्या हिंदकळतात आणि खुंटी झिजते. तिथे कॅम, म्हणजे खोबणीचं चाक, लावतात. त्याची खोबण अशी कोरलेली की त्वरणही शून्यापासून चढतं आणि शून्यावर उतरतं. महाग, पण गुपचूप चालतो.

तीन खाचांहून कमीचा क्रॉस होत नाही. तीन खाचांत फुलीचा वेग खुंटीच्या चाकाच्या साडेसहा पटींवर जातो, चारात अडीचच्या जवळ, सहात तेवढ्यास तेवढा. जितक्या खाचा जास्त तितकी चाल नरम, पण उभं राहायला मिळणारा वेळही तितका कमी.

\*

वडाळ्याला २००१ मध्ये आयमॅक्सचा घुमट उघडला. तिथल्या फिल्मची एक फ्रेम पंधरा भोकांची, क्रॉसने ओढली तर चिंध्या होतील. उपाय ऑस्ट्रेलियाच्या रॉन जोन्सचा. फिल्म ओढायचीच नाही. सतरंजीतली सुरकुती जशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ढकलत नेतात, तशी फिल्मची लाट गेटमधून पुढे न्यायची. लाट गेली की फिल्म आपोआप एक फ्रेम पुढे टेकलेली. मग ती पिनांवर बसते आणि निर्वात ओढीने भिंगाच्या मागच्या काचेला चिकटते. थांबवायला इथेही वेगळी सोय लागलीच.

\*

स्विस रेल्वेचं घड्याळ, हान्स हिल्फिकरचं, १९४४. लाल सेकंदकाटा नंतरचा. तो साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि बारावर उभा राहतो. मुख्य घड्याळाचा विजेचा इशारा आला की मिनिटकाटा एक घर उडी मारतो आणि सेकंदकाटा सुटतो. देशभरची घड्याळं दर मिनिटाला एकमेकांशी जुळतात ती या दीड सेकंदाच्या थांब्यामुळे.

\*

पुठ्ठ्याचा क्रॉस करायचा तर मापं ही. खुंटी मध्यापासून ५ सेंटिमीटर. दोन चाकांच्या मध्यांत ७.०७, म्हणजे पाच गुणिले दोनाचं वर्गमूळ. फुलीची त्रिज्याही ५. खाच कडेपासून आत २.९३ खोल, वर खुंटीच्या अर्ध्या जाडीएवढी जास्त. अंतर दोन मिलिमीटरने जरी चुकलं तरी खुंटी खाचेत सरळ न शिरता काठावर आपटते, तेव्हा टाचणीने नव्हे, बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलने मध्य पक्के करा. चकती लावायच्या आधी एकदा तसंच फिरवून पाहा. फुली सुटल्यावर जरा पुढे घरंगळेल आणि दोन-चार फेऱ्यांत खुंटीला खाच सापडायची नाही. मग चकती कापा, चंद्रकोर बरोबर खुंटीच्या बाजूला ठेवून.