तारे आणि कप्पे

प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारा माणूस फार काळ नुसता ऐकत राहू शकत नाही. तो याद्या करायला लागतो. माझ्याकडेही अशी एक वही आहे. अल्बम, वर्ष, बँड, कप्पा आणि शेवटी तारे, जास्तीत जास्त पाच. येसचा १९७२चा ‘क्लोज टू दि एज’: सिंफनिक, पाच. त्याच वर्षीचा जेथ्रो टलचा ‘थिक ॲज अ ब्रिक’, तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारी एकच सलग रचना: फोक, साडेचार. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकले, त्याचा इतका नियमित वापर मी दुसरीकडे क्वचितच केला असेल.

तारे देण्यात मला काही गैर वाटत नाही. आपल्या काव्यशास्त्रालाही वाटलं नव्हतं. मम्मटाने काव्याचे उत्तम, मध्यम आणि अवर असे तीन वर्ग केले. पुढे जगन्नाथ पंडिताला तीन पुरेनात, त्याने चार केले. अर्ध्या ताऱ्याची गरज जुनी आहे! पण मम्मटाने कसोटीही सांगितली होती: व्यंग्यार्थ वाच्यार्थाच्या वरचढ आहे की नाही. कसोटी सांगितली की वाद घालता येतो. माझीही एक कसोटी आहे. लांबलचक रचनेच्या अखेरीस सुरुवातीची धून परत येते, तेव्हा ती तीच राहते, की मधल्या प्रवासाने तिचा अर्थ बदललेला असतो? बदलला असेल, तर पाच तारे.

खरी अडचण कप्प्यांची आहे. इंग्लंडमधल्या बँडना या संगीतात शैलीनुसार जागा मिळते: सिंफनिक, फोक, जॅझ-रॉक. इटलीतल्या बँडना मात्र बहुतेक याद्यांमध्ये एकच कप्पा: इटालियन. प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनीचा बासरी-व्हायोलिनचा हळुवारपणा आणि बांको देल मुतुओ सोक्कोर्सोचा ऑपेराच्या वळणाचा आवाज शेजारी शेजारी बसतात, कारण दोघांचे पासपोर्ट सारखे. जर्मनांची तीच गत. त्यांच्या कप्प्याचं ‘क्राउटरॉक’ हे नाव ब्रिटिश वृत्तपत्रांनी रूढ केलं. त्यातला ‘क्राउट’ हा जर्मनांना हिणवण्याचा युद्धकाळातला शब्द. याउलट ‘कँटरबरी’ हे एका इंग्लिश शहराचं नाव, पण ते शैलीचं नाव होऊन बसलं. त्यामुळे हॉलंडचा सुपरसिस्टर कँटरबरीत सहज शिरतो. एखादा इंग्लिश बँड ‘इटालियन’मध्ये गेलेला मी पाहिलेला नाही.

ही चाल मला ओळखीची आहे. मी मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. मी केलेली एक कादंबरी एका मोठ्या पुस्तकाच्या दुकानात ‘प्रादेशिक’ फळीवर सापडली. कादंबरी कोर्टकचेरीची, कोरड्या विनोदाची. तिच्या एका बाजूला मल्याळम कौटुंबिक गाथा, दुसऱ्या बाजूला बंगाली भूतकथा. इंग्रजीत लिहिलेल्या भारतीय कादंबऱ्या मात्र पलीकडे, विनोदी, रहस्यमय, ऐतिहासिक अशा रीतसर लावलेल्या. तिथे पुस्तकाला स्वभाव होता. आमच्याकडे फक्त गाव होतं.

मग भाषेचा उल्लेखच काढून टाकावा का? तसंही मला करवत नाही. प्रेमियाताचा १९७२चा ‘पेर उन आमिको’ आणि पुढच्या वर्षीचा ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ लागोपाठ ऐकावेत. दुसरा परदेशी श्रोत्यांसाठी होता. बरंचसं संगीत तेच, पण इंग्रजी शब्द किंग क्रिमसनचा गीतकार पीट सिनफिल्डने लिहिले. त्याने भाषांतर केलं नाही, नवी गीतं लिहिली. ‘एका मित्रासाठी’ या अर्थाचं शीर्षकगीत इंग्रजीत ‘भुतांची छायाचित्रं’ झालं. माझ्या वहीत पहिल्याला पाच आहेत, दुसऱ्याला चार. तो एक तारा भाषेचा आहे. इटालियन शब्द स्वरांवर संपतात आणि सूर त्या स्वरांवर टेकतो. इंग्रजी व्यंजनांवर तो अडखळतो.

आणि फ्रान्सच्या माग्माचं काय करायचं? क्रिस्तियाँ व्हाँदेरने आपल्या संगीतासाठी कोबाइयन नावाची भाषाच रचली. त्या शैलीचं ‘झोयल’ हे नावही त्याच भाषेतलं. बाहेरच्याने नाव ठेवण्याआधी त्यांनी स्वतःचं नाव स्वतःच्या भाषेत ठेवलं. भाषांतरकार म्हणून मला याचा थोडा हेवा वाटतो.

वहीत मी आता एक रकाना वाढवला आहे. शैलीच्या रकान्यात प्रेमियाता येसच्या शेजारी, सिंफनिकमध्येच बसतो. नव्या रकान्यात भाषा. त्याच्यासमोर ‘इटालियन’ लिहिते, माग्मासमोर ‘कोबाइयन’, आणि येससमोर, इतकी वर्षं कुणाला गरजच न वाटलेला शब्द, ‘इंग्रजी’.